हातानं घडवलेली टेनर युकुलेली विकताना: काय मोजायचं, काय सांगायचं, कशी पाठवायची

रंधा (मूळ धागा)

कारखान्यातली युकुलेली (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) विकणं सोपं. मॉडेलचा नंबर लिहिला की घेणारा उरलेली माहिती स्वतः शोधतो. एकट्या कारागिरानं घडवलेल्या टेनरला (युकुलेलीचा एक मोठा आकार) ती सोय नसते. एकाच माणसाच्या दोन वाद्यांत नेकची (दांड्याची) जाडी वेगळी, लाकूड वेगळं, कधी कधी स्केलसुद्धा (तारेची वाजणारी लांबी) वेगळं. त्यामुळे 'उत्तम स्थिती, गोड आवाज' एवढ्यावर कुणी पन्नास हजार काढून देत नाही आणि देऊही नये. आवाज गोड आहे हे प्रत्येक विकणारा म्हणतो. आकडे फार थोडे जण देतात आणि ज्यांची जाहिरात आकड्यांत असते त्यांचं वाद्य लवकर जातं. इथे हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकत्र लिहितोय. भर घाला, चुकत असेल तिथे खोडा.

पहिलं काम म्हणजे तारा बदलणं. नायलॉनच्या किंवा फ्लुरोकार्बनच्या तारा जुन्या झाल्या की फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) लागतात तिथे त्यांना खाचा पडतात, जाडी सगळीकडे सारखी राहत नाही आणि बाराव्या फ्रेटवर सूर हलतो. दोष तारेचा, पण घेणारा तो वाद्याच्या नावावर लिहितो. नव्या तारा ताणून स्थिर व्हायला तीन-चार दिवस लागतात. मोजमाप, फोटो, रेकॉर्डिंग हे सगळं त्यानंतर.

मोजायला अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी पुरते.

स्केल: नटच्या (नेकच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि दुप्पट करा. टेनरला ते साधारण २१६ मि.मी. भरतं, म्हणजे स्केल ४३२ मि.मी. (१७ इंच). नट ते सॅडल (वरच्या फळीवर चिकटवलेल्या ब्रिजमधली पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) सरळ मोजू नका. सूर जुळावा म्हणून सॅडल एक-दोन मि.मी. मागे बसवलेलं असतं, तेवढी चूक येते.

नटची रुंदी: ३५ ते ३८ मि.मी.च्या दरम्यान काहीही असू शकते. कागदावर तीन मि.मी. म्हणजे काहीच नाही, पण गिटारवरून आलेल्या माणसाच्या बोटांना हाच फरक सगळ्यात आधी कळतो. हा आकडा गाळला तर पहिला प्रश्न हाच येणार.

ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची): सूर लावलेला असताना बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. २.५ ते ३ मि.मी. नेहमीचं. ३.५च्या वर असेल तर आकडा लिहाच आणि सॅडल ब्रिजच्या वर किती उरलंय तेही लिहा. सॅडलमध्ये घासायला जागा असेल तर दुरुस्ती अर्ध्या तासाची. जागाच नसेल तर नेकचा कोन बिघडलाय, ते काम मोठं.

नटची उंची: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. वहीचा कागद सरकेल एवढीच फट हवी. व्हिजिटिंग कार्ड जात असेल तर नट उंच आहे आणि एफ कॉर्ड धरल्यावर 'ई'ची तार चढी लागणार.

इंटोनेशन (फ्रेटवर दाबल्यावर सूर किती नेमका लागतो): बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक काढा (तार न दाबता बोट हलकेच टेकवून छेडा), मग तीच तार तिथेच दाबून वाजवा, दोन्ही ट्यूनरवर बघा. ५ सेंटच्या (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) आत असेल तर छान. १०च्या पुढे गेलं तर कोणती तार ते लिहा.

आता पोट. टॉप (वरची फळी) अगदी सपाट असलाच पाहिजे असं नाही, बरेच कारागीर मुद्दाम हलका फुगवटा देतात. बघायचं ते ब्रिजच्या आसपास. ब्रिजच्या पुढे खळगा आणि मागे टेकाड दिसत असेल तर तारांच्या ओढीनं ब्रिज पुढे कलतोय. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा सारून बघा. आत शिरला तर सरस सुटायला लागलाय. मग बोटाच्या पेरानं टॉप आणि पाठ सगळीकडे हलकेच ठोका. कुठे खरखर आली तर आतली ब्रेस (फळीला आधार देणारी पट्टी) सुटलीय. साउंडहोलमधून मोबाइल आत जात नाही, पण छोटा आरसा आणि टॉर्च जातात.

एक लक्षात ठेवा: गिटारसारखा ट्रस रॉड (नेक सरळ करायची, किल्लीनं फिरणारी सळई) बहुतेक युकुलेल्यांना नसतो. काही कारागीर नेकमध्ये कार्बनची पट्टी घालतात, पण तीही किल्लीनं फिरवता येत नाही. म्हणजे नेक वाकली असेल तर 'सेटअप करून घ्या' असं सांगून सुटता येत नाही.

खर्ज_गांधार

वाखु (वाचनखूण) साठवली. दोन शंका. एक, लाकूड सॉलिड आहे की प्लाय, हे बिल हरवलं असेल तर कसं ठरवायचं? दोन, माझ्याकडच्या टेनरच्या लेबलवर फक्त नाव आणि साल आहे. आधीचा मालक 'कोआ' म्हणाला होता. तसंच लिहू का?

रंधा

साउंडहोलची कड बघा. सॉलिड लाकडात वरचा रेषा कडेवरून तसाच खाली उतरतो. प्लायमध्ये कडेला थर दिसतात. कडेला बाइंडिंग (कड झाकणारी पट्टी) असेल तर पाठ बघा: बाहेरून एखादी ठळक गाठ किंवा काळी रेघ हेरा आणि आतून त्याच जागी ती दिसते का ते पाहा. मात्र हातानं घडवलेल्या वाद्यातही बाजू कधी कधी मुद्दाम दोन थर चिकटवून केलेल्या असतात, बाकी सगळं सॉलिड असतं. त्याला लगेच स्वस्त प्लाय समजू नका.

कोआबद्दल: नका लिहू. कोआ फक्त हवाईत वाढतं. ऑस्ट्रेलियातलं ब्लॅकवुड त्याच अकेशिया कुळातलं, आणि फोटोवरून दोन्ही ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. 'आधीच्या मालकाच्या सांगण्यानुसार कोआ, कागद नाही' असं लिहा. त्याहून बरं म्हणजे कारागिरालाच लेबलचा आणि हेडस्टॉकचा (नेकच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) फोटो पाठवा. एकट्यानं काम करणारे बहुतेक जण आपल्या वाद्यांची नोंद ठेवतात. लाकूड, साल, फिनिश, मूळ मालकाला दिलेली हमी पुढच्या मालकाला चालते का, हे सगळं एका ईमेलमध्ये कळतं. ते उत्तर जाहिरातीत जोडलं की घासाघीस निम्मी होते.

अवांतर: हवाईतले कारागीर आंब्याचं लाकूडही आवडीनं वापरतात. बुरशीच्या काळ्या रेघा उमटलेलं आंब्याचं लाकूड तिकडे खास मानलं जातं. आपल्याकडे त्याच लाकडाची खोकी करतात.

मिनेसोटाकर

मोजमापांबरोबर त्या दिवशीची आर्द्रता लिहा. त्याशिवाय ॲक्शनचा आकडा अर्धवट आहे.

बहुतेक चांगले कारागीर ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत काम करतात. इथे मिनेसोटात (अमेरिका) हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात ती २० टक्क्यांवर येते. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी जवळपास तेवढीच कोरडी हवा असते, आणि मुंबईत जुलैत ८० टक्क्यांच्या वर. लाकूड ओल पिऊन फुगलं की टॉप वर येतो आणि ॲक्शन वाढते. कोरडं पडलं की टॉप खाली बसतो, तारा फ्रेटना घासून झणझणतात आणि नंतर तडा जातो. तडे ठरलेल्या जागी येतात: टॉपच्या मधला सांधा, फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांलगत, आणि ब्रिजच्या टोकापासून खाली.

तडा जाण्याआधी वाद्य खूण देतं. फ्रेटबोर्डच्या कडेवरून बोट फिरवा. फ्रेटची टोकं टोचत असतील तर लाकूड आकसलंय. लगेच कानस घेऊन बसू नका. आधी केसमध्ये ४९ टक्क्यांचं दोन्ही बाजूंनी काम करणारं ह्युमिडिटी पाकीट ठेवून आठ-दहा दिवस जाऊ द्या. बरीचशी टोकं आपोआप आत जातात. पाकीट मिळत नसेल तर भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर, पाणी न गळणारा स्पंज. पण यात अंदाज चुकला की ओल जास्त होते, म्हणून सोबत हायग्रोमीटर हवाच.

स्वस्त हायग्रोमीटर दहा-दहा टक्के खोटं बोलतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, विरघळू देऊ नका. ते आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. ७५ दिसायला हवं. ६८ दिसलं तर तुमचा काटा ७ नं कमी दाखवतो.

शिसवी_पाट

+१. आणि तडा दुरुस्त केलेला असेल तर लपवू नका. आतून छोट्या क्लीट (आधाराचे लाकडी तुकडे) लावून नीट जोडलेला तडा वर्षानुवर्षं टिकतो. आतल्या क्लीटचा फोटो द्या, किंमत थोडी उतरवा, विषय संपला. लपवलेला तडा मात्र आरशात दिसतोच.

विकण्याआधी घरी 'दुरुस्ती' करू नका हेही सांगायला हवं. सुटलेल्या ब्रिजखाली झटपट चिकटणारं सायनो ओतलं की ते लाकडात मुरतं आणि नंतर खरा सरस तिथे धरत नाही. सुताराचा पांढरा गोंद सतत ओढ असली की हळूहळू सरकतो. चार तारांची मिळून ओढ वीस किलोच्या आसपास असते, चोवीस तास. ब्रिज सुटला असेल तर तारा सैल करा, 'ब्रिज सुटतोय' असं लिहा आणि दुरुस्तीचा खर्च वजा करून विका. घाण काम केलेल्या ब्रिजपेक्षा सुटलेल्या ब्रिजला जास्त पैसे येतात.

फिनिश कोणतं हेही विचारून लिहा. फ्रेंच पॉलिश म्हणजे लाख. त्यावर सॅनिटायझरचा ओला हात लागला की कायमचा डाग. नायट्रो लॅकरला भिंतीवरच्या हँगरचं रबर लागून राहिलं तर तो भाग मऊ होऊन चिकट होतो. घेणाऱ्याला वाद्य कुठे टांगायचं ते ठरवावं लागतं.

पाचवी_तार

हाय जी की लो जी (जीची तार वरच्या सप्तकातली की खालच्या), हे शीर्षकातच लिहा. टेनरवाल्यांचे यात दोन तट आहेत.

लो जी लावलेली असेल (१९६ हर्ट्झ, नेहमीच्या जीच्या एक सप्तक खाली) तर नटमधली ती खाच रुंद केलेली असू शकते. त्याच खाचेत परत हाय जीची बारीक तार घातली की ती हलते आणि सुटी वाजवताना सतारीसारखी झिणझिणते. तार फ्रेटवर दाबली की झिणझिण थांबते, यावरून दोष नटचा हे ओळखता येतं. धातूची तार गुंडाळलेली लो जी असेल तर त्या तारेखालचे पहिले तीन-चार फ्रेटही बघा, तिथे बारीक खाचा पडतात. जवळून फोटो काढताना प्रकाश बाजूनं ठेवा, समोरून खाचा दिसत नाहीत.

डोंबिवली_फास्ट

हे सगळं ठीक, पण किंमत काय लावायची ते कुणीच बोलत नाही. आणि इथे भारतात हातानं घडवलेल्या टेनरला गिऱ्हाईक तरी आहे का?

रंधा

आहे, पण थोडं. घाई असेल तर किंमत पडणार.

मागितलेली किंमत बघू नका, विकली गेलेली बघा. परदेशी साइटवर विकून झालेल्या जाहिराती वेगळ्या गाळून बघता येतात. एकाच कारागिराच्या तीन-चार सापडल्या तर त्यांच्यावरून अंदाज बांधा. सापडल्याच नाहीत तर तोच कारागीर आज तशीच टेनर किती पैशांत आणि किती महिन्यांनी देतो ते विचारा. ज्याच्याकडे दोन-दोन वर्षांची रांग आहे त्याचं वाद्य जवळजवळ नव्याच्या किमतीला जातं, कारण घेणारा थांबणं वाचवण्याचे पैसे देतो. रांग नसलेल्याचं कितीही सुबक असलं तरी पहिल्या विक्रीत मोठा घसारा बसतो. याला वाद्याच्या आवाजाशी काही देणंघेणं नाही, पटो न पटो.

हौसेनं करून घेतलेल्या गोष्टींचे पैसे परत येत नाहीत. फ्रेटबोर्डवर शिंपल्यात कोरलेलं स्वतःचं नाव तर किंमत उतरवतं. चांगली हार्ड केस, मूळ बिल आणि कारागिराचं पत्र यांचे पैसे येतात. पिकअपचे (वाद्याचा आवाज ॲम्पला पोचवणारा भाग) थोडेफार येतात, पण तो मागाहून बसवलेला असेल तर खालच्या टोकाला भोक पाडलंय हे सांगा, आणि सॅडलखालचा पिएझो असेल तर चारही तारा ॲम्पवर सारख्या ऐकू येतात का ते तपासा. एखादी तार दबलेली असेल तर सॅडलचा तळ सपाट बसलेला नाही.

किंमत एकच लिहा, पाठवणावळ त्यात धरली आहे की नाही ते लिहा आणि 'किंमत ठरवता येईल' हे लिहू नका. ते लिहिलं की पहिला मेसेज निम्म्या किमतीचा येतो.

शिसवी_पाट

रेकॉर्डिंगबद्दल एक. मोबाइल टेबलावर ठेवा, बाराव्या फ्रेटच्या समोर, हातभर अंतरावर. रिव्हर्ब, फिल्टर काही नको. आधी चारही सुट्या तारा, प्रत्येक पूर्ण विझेपर्यंत. मग प्रत्येक तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक सूर. कंटाळवाणं आहे, पण कुठला फ्रेट मेलाय, कुठे तार घासतेय, ते यातच कळतं. त्यानंतर हवं ते गाणं वाजवा.

फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. प्रत्येक ओरखड्याशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा.

सातासमुद्रापार

वाद्य देशाबाहेर पाठवायचं असेल तर लाकूड कोणतं हा कायद्याचा प्रश्न होतो. ब्रिज आणि फ्रेटबोर्डला शिसवी किंवा दुसरा कुठला रोझवुड असणं अगदी नेहमीचं. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया (रोझवुडच्या) कुळातली जवळपास सगळी झाडं साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये गेली आणि साध्या युकुलेलीलाही परवाना लागायला लागला. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. जुने लेख वाचून अजूनही बरेच जण घाबरतात. सूट नाही ती ब्राझिलियन रोझवुडला. ते १९९२ पासून परिशिष्ट १ मध्ये आहे आणि ब्रिजएवढा तुकडा असला तरी कागद लागतात. अशी टेनर देशातच विका.

पार्सलवर वाद्याचा कोड ९२०२ येतो. 'वापरलेली युकुलेली' असं स्पष्ट लिहा आणि किंमत खरी टाका. कर वाचवायला 'भेट, २० डॉलर' लिहिलं आणि खोकं फुटलं तर विम्याचे २० डॉलरच मिळतात. अमेरिकेत पाठवत असाल तर ८०० डॉलरपर्यंतची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद आहे. कर कोण भरणार ते आधी लेखी ठरवा, नाहीतर घेणारा पार्सल नाकारतो आणि परतीचं भाडं तुमच्या गळ्यात.

कुणी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवणार असाल तर केससकट टेनर ७०-७५ सें.मी. होते, केबिन बॅगेच्या नेहमीच्या ५५ सें.मी.त बसत नाही. अमेरिकी विमान कंपन्यांना २०१५च्या नियमानुसार वरच्या कप्प्यात जागा असेल तर छोटं वाद्य आत घेऊ द्यावं लागतं. म्हणून आधी चढणाऱ्या गटात जागा घ्या. इतर कंपन्यांकडून ईमेलवर लेखी घ्या, काउंटरवरचा माणूस फोनवरचं ऐकत नाही.

खर्ज_गांधार

आणि पॅकिंग? तारा पूर्ण काढायच्या का?

मिनेसोटाकर

पूर्ण काढू नका. बऱ्याच ब्रिजवर सॅडल नुसतं खाचेत बसवलेलं असतं, ते पडून हरवतं. दोन-तीन सूर उतरवा, बास. विमानानं जात असेल तरी तेवढंच.

शिसवी_पाट

असहमत. नायलॉन तारांची युकुलेली सुरात पाठवली तरी काही होत नाही. हेडस्टॉक तुटतो तो आदळल्यामुळे, तारांच्या ओढीमुळे नाही.

मिनेसोटाकर

आदळतानाच ओढ असेल तर नेकच्या जोडाला दोन्ही एकदम सोसावं लागतं. उतरवल्यानं नुकसान काहीच नाही, मग का नको?

रंधा

दोघांचं बरोबर धरून: दोन सूर उतरवा, पण खरा भर हेडस्टॉकवर द्या. तो केसमध्ये अधांतरी असतो. नेकखाली, जिथे केसचा आधार आहे तिथे, घडी केलेला मऊ टॉवेल घाला, म्हणजे हेडस्टॉक मागच्या भिंतीला टेकणार नाही. तारा आणि फ्रेटबोर्डमध्ये कागदाची पट्टी. केसमध्ये वाद्य जराही हलता कामा नये. मग केस खोक्यात, चारी बाजूंनी पाच सें.मी. भरण, आणि ते खोकं दुसऱ्या खोक्यात. वर्तमानपत्राचे बोळे वापरू नका, ते दोन दिवसांत चेपतात आणि आत पोकळी होते. बबल रॅप किंवा फोम घ्या. टेप लावण्याआधी खोकं हलवून बघा, आत काही सरकल्याचं जाणवलं तर उघडा आणि परत भरा.

सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा, म्हणजे शनिवार-रविवार गोदामात पडून राहणार नाही. मे महिन्यात विदर्भाकडे पाठवणं टाळा. उन्हातल्या बंद गाडीत सांध्यांचा सरस मऊ पडतो. घेणाऱ्यालाही सांगा की खोकं आलं की दिवसभर तसंच बंद ठेव, खोलीचं तापमान आत पोचू दे. थंडीतून आलेली नायट्रोची युकुलेली लगेच उघडली की फिनिशला केसासारख्या भेगा पडतात.

डोंबिवली_फास्ट

पैशांचं मी सांगतो. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. 'मी लष्करात आहे, आमचा माणूस घेऊन जाईल, हा कोड स्कॅन करा' म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे. जास्त पैसे पाठवून 'उरलेले परत करा' म्हणणाराही नव्हे.

आणि परतीची मुदत द्यावी का? अनोळखी माणसाला ४८ तास वापरून बघायला द्यायचं म्हणजे धाडसच वाटतं.

पाचवी_तार

द्यावी. परदेशात युकुलेलीवाल्यांत हा रिवाजच आहे आणि त्यामुळे चांगली किंमत मिळते. फक्त अटी आधी लिहून ठेवा: मुदत पार्सल हातात पडल्यापासून ४८ तास, परतीचं भाडं घेणाऱ्याचं, तारा बदलायच्या नाहीत, नट-सॅडलला कानस लावायची नाही. सॅडल घासलं की ते वाद्य परत घेऊ नका. पाठवण्याआधी केस बंद करतानाचा सलग व्हिडिओ काढा, त्यात आतलं लेबल आणि सॅडलची उंची पट्टी लावून दिसू दे. घेणाऱ्यालाही खोकं उघडताना तसाच काढायला सांगा.

खर्ज_गांधार

धन्यवाद मंडळी. कारागिराला ईमेल केलाय. तोवर मोजून घेतलं: बारावा फ्रेट २१६, नट ३६, ॲक्शन 'जी'च्या तारेकडे ३.१ आणि 'ए'च्या तारेकडे २.८, आर्द्रता ५८. ब्रिजच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात कागद साधारण दोन मि.मी. आत जातो, बाकी कुठे नाही. हे सुटणं धरायचं का?

शिसवी_पाट

आधी तो कोपरा भिंगातून बघा. ब्रिजच्या कडेला फिनिशचा थर किंचित पुढे आलेला असला तरी एक-दोन मि.मी. कागद जातो, खाली सरस शाबूत असतो. पेन्सिलीनं कागदावर खूण करा, तारा सुरात ठेवून आठवड्यानं त्याच कोपऱ्यात पुन्हा घाला. तेवढाच गेला तर जाहिरातीत फोटोसकट लिहून विका. पुढे सरकला तर लगेच तारा उतरवा आणि आधी ब्रिज करून घ्या.